लग्न झालं, जर्मनी ठरलं: खान्देशातल्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर फैजपूरजवळचं, सासर धुळ्याचं. गेली नऊ वर्षं आम्ही दोघं स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो. जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा इथून कुणाची भाची, कुणाचा साडू जर्मनीला निघालेला असतो आणि फिरत फिरत माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. बहुतेक जोडप्यांत एकाला नोकरी मिळालेली असते आणि दुसरं माणूस सोबत येतं. नोकरीवाल्याला निदान कंपनी तरी हाताशी असते, सोबत येणाऱ्याला कुणीच नसतं. खालची बरीच उत्तरं त्या दुसऱ्या माणसासाठी आहेत. बहुतेक वेळा ती बायको असते, कधीकधी नवराही. रकमा आणि मुदती बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावरची ताजी यादी वाचाच.

१. ब्लू कार्ड म्हणजे नेमकं काय? त्यावर बायकोला लगेच नेता येतं का?

ब्लू कार्ड हा उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा राहण्याचा परवाना आहे. त्यासाठी जर्मनीत मान्य असलेली पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी लागते. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नुकतेच पदवीधर झालेल्यांना ती कमी असते, आणि दरवर्षी बदलते.

हो, बायकोला लगेच नेता येतं. दोघांचं वय १८ पूर्ण हवं आणि लग्नाचा कायदेशीर कागद हवा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा असते. नवरा शिकायला जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बायकोला साधारणपणे ए-१ पातळीचं (जर्मन भाषेची सगळ्यात पहिली पायरी) प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात.

माझं मत विचाराल तर शक्य असेल तेव्हा दोघांनी एकत्रच अर्ज करा. “आधी तो जाऊन बस्तान बसवेल, मग ती येईल” असं ठरवणाऱ्या घरांत तीन महिन्यांचे दहा महिने झालेले मी पाहिले आहेत.

२. लग्न गावात झालं, नोंदणी केलीच नाही. पत्रिका आणि फोटो चालतील का?

नाही. नोंदणीच लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार गावात ग्रामसेवक (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिका ही नोंद करते. नोंदणीचा अर्ज (ज्ञापन) नमुना ‘ड’ मध्ये भरायचा, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही घ्यायची. मिळतं ते प्रमाणपत्र नमुना ‘इ’. लग्नाला ९० दिवस उलटून गेले असले तरी दंड भरून नोंदणी होते, घाबरू नका.

स्पेलिंगकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. आपल्याकडे ‘चौधरी’ एका कागदावर सी-एच-ए-यू असतं, दुसऱ्यावर सी-एच-ओ-यू. आपल्याला ते एकच नाव वाटतं, जर्मन कारकुनाला ती दोन माणसं दिसतात. पासपोर्टवर जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच विवाह प्रमाणपत्रावर लिहून घ्या. माझ्या बाबतीत वडिलांच्या नावातला एक ‘ए’ गळला होता. तो दुरुस्त होईपर्यंत पाच आठवडे गेले आणि काढलेलं तिकीट वाया गेलं.

एजंट अपोस्टिलसाठी (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून बसवायचा सरकारी शिक्का) पैसे मागतात, त्याबद्दलही नेहमी विचारणा होते. भारत त्यासाठीच्या हेग करारात आहे, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवलेला आहे. त्यामुळे अपोस्टिलचा शिक्का बसला म्हणजे काम झालं असं इथे होत नाही. शंका आली तर वकिलात स्वतः कागदांची पडताळणी करवते. म्हणून यादीत जे मागितलं आहे तेवढंच आणि तसंच द्या.

३. पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. जाण्याआधी सासरचं करून घेऊ का? घरचे मागे लागले आहेत.

कायद्याने गरज नाही. आडनावं वेगळी असली तरी विवाह प्रमाणपत्र पुरतं. तुमची दहावीची गुणपत्रिका, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी, अनुभवाची पत्रं हे सगळं माहेरच्या नावावर आहे. पुढे इथे नोकरी शोधताना (प्रश्न १०) हेच कागद काढावे लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी “ही तीच मी” असं सिद्ध करत बसावं लागतं. नाव बदलायचंच असेल तर हौसेने बदला, व्हिसाच्या घाईत बदलू नका.

४. सामानात काय न्यावं? सासूबाईंनी तूप, पेढे, मसाला, बिबडे, आंबे सगळं काढून ठेवलंय.

तूप आणि पेढे घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पनीर सगळं त्यात आलं. खान्देशी काळा मसाला, लाल तिखट, बिबडे, पापड, डाळी, पीठ चालतं. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आंबे नकोत. या नियमाला पाच फळांचा अपवाद आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे रावेर-यावलची केळी हातात घेऊन तुम्ही बिनधास्त उतरू शकता. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खरोखर एक फणी आणली होती. विमानतळावरच्या बाईंनी ती पाहिली आणि हसून जाऊ दिलं.

भांड्यांत छोटा कुकर, तवा आणि पोळपाट-लाटणं घ्या. गरम कपड्यांनी बॅग भरू नका. इथल्या थंडीचे कपडे इथेच चांगले मिळतात.

५. लग्नातलं सोनं सोबत न्यावं का?

मंगळसूत्र आणि रोजचे दागिने न्या, बाकीचं लॉकरमध्ये ठेवा. जास्त नेणार असाल तर निघताना भारतीय विमानतळावर कस्टमकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना तेच सोनं नवीन समजून कर लागत नाही. लॉकर बायकोच्या नावावरही असू द्या.

६. घर कसं शोधायचं? “स्वयंपाकघर नसलेलं घर” हे काय प्रकरण आहे?

खरंच आहे. इथे भाड्याच्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या खोलीत फक्त नळाचे पाइप आणि प्लग असतात. ओटा, शेगडी, सिंक भाडेकरू स्वतः आणतो आणि जाताना काढून नेतो. म्हणून जाहिरातीत बसवलेलं स्वयंपाकघर आहे का ते आधी बघा.

भाड्याचे दोन आकडे असतात: ‘थंड’ भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, ‘गरम’ भाडं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई वगैरे धरून. वीज बहुधा वेगळी. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं घेता येतं, हा कायदा आहे. घर न बघता कुणालाही पैसे पाठवू नका. “मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो” म्हणणारा माणूस फसवणारा असतो. आपल्या एरंडोलकडच्या एका जोडप्याचे दोन हजार युरो असेच गेले.

भाडेकरारावर दोघांची नावं घाला. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण पुढे प्रश्न २० मधली वेळ कुणावरही येऊ शकते.

७. पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात काय काय करायचं?

नवीन घरात राहायला आलात की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाने सही केलेला एक फॉर्म, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र लागतं. या नोंदीशिवाय कर क्रमांक मिळत नाही, बँक अडते, परवाना अडतो. दोघांनी जा आणि दोघांची नोंद करा.

मग टपालपेटी. खालच्या दारावर आणि पेटीवर तुमची आडनावं चिकटवलेली हवीत. इथला पोस्टमन घर क्रमांकावर जात नाही, नावावर जातो. नाव नसेल तर पत्र परत. कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालाने येतं. माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दोन्ही नावं लिहा. आम्ही पहिल्या रात्री वहीचा कागद फाडून त्यावर दोन नावं लिहून चिकटपट्टीने लावली होती. परक्या देशात माझं नाव असलेली ती पहिली जागा, त्या कागदाचा फोटो अजून माझ्याकडे आहे.

एक पत्र सगळ्यांना घाबरवतं, ते रेडिओ-टीव्ही शुल्काचं. घरात टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो. एका घराला एकदाच, दोघांनी वेगळं भरायचं नाही.

८. आरोग्य विमा दोघांचा वेगळा घ्यावा लागतो का?

नवऱ्याचा विमा सरकारी पद्धतीचा असेल आणि तुमची कमाई नसेल किंवा अगदी थोडी असेल, तर तुम्ही त्याच विम्यात जादा पैसे न भरता येता. मुलंही. खासगी विम्यात मात्र प्रत्येकाचा हप्ता वेगळा. पगार मोठा असला की दलाल खासगी विम्याचा आग्रह धरतात. कुटुंब वाढवायचा विचार असेल तर त्यांचं ऐकण्याआधी दहा वेळा विचार करा.

अडीअडचणीला ११२ हा रुग्णवाहिकेचा आणि आगीचा नंबर. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल पण जिवावर बेतलेलं नसेल तर ११६११७.

९. इंग्रजीवर भागतं का? मला तर इंग्रजीही जेमतेम येतं.

नवऱ्याचं ऑफिसात भागतं. तुमचं भागणार नाही, आणि हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. नगरपालिका, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, बालवाडीच्या बाई, शेजारच्या आजी, सगळा रोजचा व्यवहार जर्मनमध्ये असतो. म्हणजे घरात राहणाऱ्या माणसाला भाषेची गरज ऑफिसात जाणाऱ्यापेक्षा जास्त. आपल्या घरांत मात्र उलटं होतं. “त्याला कामासाठी लागेल” म्हणून क्लासचे पैसे नवऱ्यावर खर्च होतात.

निघायच्या आधी ए-१ करून या, व्हिसाला लागत नसलं तरी. इथे आल्यावर एकात्मता अभ्यासक्रम असतो, ७०० तासांचा: ६०० भाषेचे आणि १०० इथले कायदे, इतिहास, समाज यांचे. कुटुंबासोबत राहायला आलेल्यांना त्याला बसता येतं का, हे परदेशी नागरिक कार्यालयात परवाना घेतानाच विचारा. नाही जमलं तर ‘फोक्सहोखशूले’ नावाची लोकशिक्षण केंद्रं जवळपास प्रत्येक गावाला असतात, तिथे परवडणाऱ्या शुल्कात वर्ग चालतात.

आणि इंग्रजी जेमतेम असेल तर अजिबात कमीपणा वाटून घेऊ नका. माझ्या वर्गात सीरियाच्या, तुर्कस्तानच्या, युक्रेनच्या बायका होत्या, इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. आमची समाईक भाषा मोडकी जर्मन होती, आणि म्हणूनच ती लवकर आली. ज्यांना फाडफाड इंग्रजी येतं ते तिसऱ्या वर्षीही बेकरीत बोट दाखवून पाव मागतात.

१०. मी जळगावला नोकरी करत होते. इथे मला काम मिळेल का?

परवानगी आहे (प्रश्न १). मिळण्याचं बरंचसं क्षेत्रावर आणि भाषेवर. नर्स, डॉक्टर, औषधनिर्माता, शिक्षक हे व्यवसाय नियंत्रित आहेत, त्यांना आधी शिक्षणाची अधिकृत मान्यता घ्यावी लागते आणि जर्मन चांगलं लागतं. इंजिनिअर, आयटी, लेखा अशा कामांना ती सक्ती नाही, पण पदवीचं मूल्यमापन करून घेतलेलं बरं. तुमचं विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत कशी धरली जाते ते ‘आनाबिन’ या सरकारी डेटाबेसमध्ये पाहता येतं. तिथे नसेल तर मूल्यमापनाचं प्रमाणपत्र मागवता येतं. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा एकत्रित दाखला) काढून आणा. इथे बसून जळगावच्या खिडकीवरून कागद काढणं फार जिकिरीचं.

पहिल्या वर्षी छोटं काम घ्यायला लाजू नका. ‘मिनीजॉब’मध्ये २०२५ साली महिन्याला ५५६ युरोपर्यंत कमावता येत होतं. मी एका रोपवाटिकेत कुंड्या भरायचं काम केलं. शेतकऱ्याची पोर असल्याने हात सराईत होते, आणि तिथेच खरं जर्मन शिकले.

११. कराचा वर्ग तीन-पाच घ्यायचा की चार-चार? सगळे म्हणतात तीन-पाचमध्ये पैसे वाचतात.

वाचत नाहीत, फक्त आधी हातात येतात. तीन-पाचमध्ये जास्त पगारवाल्याचा (वर्ग तीन) दरमहा कर कमी कापला जातो आणि कमी पगारवाल्याचा (वर्ग पाच) जास्त. चार-चारमध्ये दोघांचा आपापल्या पगारानुसार कापला जातो. वर्षाअखेर दोघांचं एकत्र विवरण भरलं की एकूण कर तेवढाच निघतो.

फरक दुसरीकडे पडतो. बेकारी भत्ता आणि पालकत्व भत्ता हातात येणाऱ्या पगारावर मोजतात. पाचव्या वर्गातल्या बायकोचा हातातला पगार कमी दिसतो, म्हणून तिचा भत्ताही कमी होतो. ती कमावत असेल आणि बाळाचा विचार असेल तर चार-चार. ती कमावतच नसेल तर तीन-पाच घ्या, पण तिला नोकरी लागली की पुन्हा विचार करा.

१२. थंडीचं काय? आम्ही ४५ अंशातली माणसं.

थंडीचं कपड्यांनी होतं. अंधाराचं मात्र कपड्यांनी काही होत नाही. डिसेंबरात इथे सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी साडेचारला दिवस मावळतो, मध्येही बहुधा ढगच असतात. भुसावळच्या उन्हाला वैतागलेली माणसं पहिल्या जानेवारीत उन्हासाठी रडतात. नवरा अंधारात जातो, अंधारात येतो, तुम्ही दिवसभर एकट्या. रोज दुपारी, पाऊस असला तरी, अर्धा तास बाहेर चाला. ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरला विचारा. खूप झोप, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरकडे जा. इथे त्याला कुणी नखरे म्हणत नाही.

आणि खिडक्या रोज दोनदा, पाच-दहा मिनिटं, सताड उघडा. बंद घरात वाफ कोंडून भिंतीला बुरशी येते, आणि मग घरमालकाशी वाद.

१३. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी… जमतं का हो ताई?

जमतं. मन लावून सांगते.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फिक्या हिरव्या रंगाचं वांगं इथे मिळत नाही. तुर्की दुकानातलं मोठं जांभळं घ्या, हाताला हलकं लागेल ते, म्हणजे बिया कमी. शेगडी विजेची असते, जाळ नाही, काट्या-कुट्या नाहीत. ओव्हनच्या ग्रिलवर, वरच्या कप्प्यात, टोचे मारून, तेलाचा हात लावून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी फिरवा. साल काळी पडून आतून पूर्ण बसायला पाऊण तास लागतो. धुराचा वास हवा असेल तर सोललेल्या गराच्या मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेवून तेलाचा थेंब सोडा आणि झाका. लसूण-मिरची ठेचलेली, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. पात इथे बारा महिने मिळते, तेवढं एक सुख.

कळण्याचं पीठ घरून आणा, दादर ज्वारी आणि उडीद तिथल्याच गिरणीतून दळलेलं. संपलं की इथे भारतीय दुकानातलं ज्वारीचं पीठ आणि उडदाचं पीठ मिसळून काम भागतं. पाणी उकळतं घ्या, ज्वारी शिळी असते म्हणून भाकरी चिरते.

शेवभाजीसाठी कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजताना दार बंद, खिडकी उघडी. धूर मार्गिकेत गेला की छताला लावलेला धूरसूचक कोकलतो. पहिल्या वेळी आमचा कोकलला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी चप्पल न घालता धावत आल्या होत्या, आग लागली म्हणून. मी हातातली वाटी पुढे केली. त्यांनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि अजून एक तुकडा मागितला. आज त्याच आजी माझ्या मुलीला शाळेतून आणतात.

१४. कानबाई, आखाजी हे सगळं सुटतं का?

कानबाई ही आपली खान्देशी देवी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, आणि रविवारी इथे सगळं बंद असतं, त्यामुळे वेळ मिळतो. अडचण भाऊबंदांची. नैवेद्याचे रोट सगळ्या भावकीने मिळून करायचे असतात, इथे भावकी कुठून आणायची? आमच्या घरी मुख्य पूजा धुळ्याला मोठ्या जाऊबाई करतात आणि आम्ही त्या दिवशी इथे पुरणाचा स्वयंपाक करतो. काही घरांनी नारळ मांडून इथेच बसवायला सुरुवात केली आहे. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, बाहेरच्याने सांगण्याचा हा विषय नाही. रविवारी मोठा आवाज चालत नाही, हे शेजाऱ्यांसाठी लक्षात ठेवा.

आखाजी (अक्षय तृतीया) जास्त अवघड. माहेरी जायचा सण, आणि माहेर सात हजार किलोमीटरवर. पहिल्या आखाजीला मी दिवसभर फोन उचलला नाही, कारण रडू आवरलं नसतं. आता दरवर्षी आसपासच्या गावांतल्या नवीन मुलींना मी त्या दिवशी घरी जेवायला बोलावते. तुम्ही इकडे आलात तर तुम्हीही या.

१५. बाळ इथे झालं तर ते जर्मन होतं का?

आपोआप नाही. जन्माच्या वेळी आई-वडिलांपैकी एकाचं इथे पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायमचा परवाना असेल तरच. नाहीतर बाळ भारतीय. पण त्यासाठी जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद करावी लागते. हे वर्ष उलटू देऊ नका.

नोकरी करणाऱ्या आईला बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे संरक्षित रजा असते. बालभत्ता २०२५ साली मुलामागे महिन्याला २५५ युरो होता. पालकत्व भत्ता नोकरी न करणाऱ्या आईलाही मिळू शकतो, किमान ३०० युरो. तो तिच्या स्वतःच्या खात्यावर घ्या. बालवाडीसाठी नाव पोटात असतानाच नोंदवा.

घरात मुलाशी आपलीच भाषा बोला. माझी मुलगी माझ्याशी लेवा बोलीत, बापाशी अहिराणीत आणि शाळेत जर्मनमध्ये बोलते. आजोबांनी फोनवर “कसा शेतस?” विचारलं की ती त्याच भाषेत उत्तर देते, आणि पलीकडे धुळ्याला सगळं घर गोळा होतं.

१६. आई-वडिलांना आणता येईल का? कायमचं?

भेटीसाठी शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा भेटीचा व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, आणि खर्चाची हमी तुम्ही इथल्या कार्यालयात लिहून देऊ शकता. मे महिन्यात बोलवा, तिकडचं ऊन टळतं आणि इकडे उजेड असतो.

कायमचं आणणं अवघड. कुशल नोकरदाराला पहिला परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला असेल तर आई-वडिलांना आणि काही अटींवर सासू-सासऱ्यांनाही आणायची तरतूद आहे. पण त्यांचा सगळा खर्च आणि पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि साठी-सत्तरीतल्या माणसाचा विमा मिळणं हीच मोठी अडचण ठरते.

१७. भारतातलं बँक खातं, पीपीएफ तसंच ठेवलं तर?

बँक खातं तसं ठेवू नका. परदेशी नोकरीला गेलात की साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांचं खातं) बदलून घ्यायचं, हा फेमाचा म्हणजे परकीय चलन कायद्याचा नियम आहे. परदेशातली कमाई भारतात ठेवायला एनआरई खातं. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, पुढे वाढवता येत नाही आणि नवीन उघडता येत नाही.

इथे बरेच जण चुकतात: एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण जर्मनीत राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न जर्मन कराच्या कक्षेत येतं. ते व्याज इथल्या विवरणात दाखवावं लागतं.

१८. सातबाऱ्यावर नाव आहे. परदेशी गेल्यावर शेत जाईल का?

जाणार नाही. वारसाने आलेली किंवा आधीपासूनची शेती एनआरआयला ठेवता येते. नवीन शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. पीएम-किसानचा हप्ता एनआरआयला घेता येत नाही, तो बंद करून घ्या.

वारसनोंद, वाटणी, कर्ज यासाठी कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. सरसकट सगळे अधिकार देऊ नका. गट क्रमांक आणि काम स्पष्ट लिहा. भाऊ कितीही सख्खा असला तरी.

१९. नोकरी गेली तर लगेच परत पाठवतात का?

लगेच नाही. नोटीस हाती पडली की तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करा आणि परदेशी नागरिक कार्यालयालाही कळवा. मागच्या अडीच वर्षांत बारा महिने विमा भरला असेल तर हातातल्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के बेकारी भत्ता मिळतो. बायकोचं स्वतःचं काम असेल तर घरातली भीती निम्मी होते.

२०. आमचं पटत नाहीये. वेगळी झाले तर माझा परवाना जाईल का? हे कुणाला विचारावं तेच कळत नाही.

हा प्रश्न रात्री येतो, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून. म्हणून इथे उघडपणे लिहिते.

जर्मनीत तीन वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिला असाल तर तुम्हाला स्वतंत्र परवाना मागता येतो. तीन वर्षं झाली नसली तरी मारहाण, छळ अशा परिस्थितीत त्या अटीतून सूट मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. “मी सही केली नाही तर तुला उद्या विमानात बसवतील” ही धमकी खोटी असते. तो निर्णय नवऱ्याच्या हातात नसतो.

११६०१६ हा बायकांसाठीचा मदत क्रमांक आहे. दिवसरात्र, फुकट, नाव न सांगता, आणि अनेक भाषांत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११० वर पोलीस. पासपोर्ट, परवान्याचं कार्ड, विवाह प्रमाणपत्र यांचे फोटो तुमच्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा, आणि स्वतःच्या नावाचं एक खातं पहिल्याच महिन्यात उघडा. सगळं गोडीगुलाबीचं असतानाच हे करायचं असतं. माझ्या नवऱ्याने स्वतः मला बँकेत नेऊन उघडून दिलं होतं.

२१. वाहन परवाना आपला चालतो का?

पत्त्याची नोंद झाल्यापासून सहा महिने, भाषांतरासह. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दोघांनी द्या.

२२. काही वर्षांनी परत यायचं ठरलं तर?

पत्त्याची नोंद रद्द करा, विमा, वीज, इंटरनेट यांचे करार मुदतीत बंद करा, रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करा, नाहीतर मागणीपत्रं येत राहतात. नुसतं जाऊन बघायचं असेल तर लक्षात ठेवा: साधा परवाना सहा महिने बाहेर राहिलं की संपतो, ब्लू कार्डवाल्याला आणि त्याच्या कुटुंबाला बारा महिने मिळतात. बारा महिने जळगावला राहून बघा, मग ठरवा, असं मी बऱ्याच जणांना सुचवते. डिपॉझिट परत यायला काही महिने लागतात, म्हणून इथलं बँक खातं शेवटी बंद करा. आणि टपालपेटीवरची नावं निघण्याच्या दिवसापर्यंत काढू नका, शेवटची पत्रं तोवर येत असतात.